धुराचा पाहुणचार

सरकारी नोकरीत माणसाला हुद्दा मिळतो आणि नाव गाव देतं. जागेश्वर सेलोकरांचा हुद्दा होता कीटक समाहारक. हा शब्द एका दमात म्हणू शकेल असा माणूस कोंढ्यात त्यांच्याशिवाय दुसरा नव्हता, आणि तोंडात पान असलं की त्यांनाही तो जमत नसे. तेव्हा गावानं आपल्या सोयीनं त्यांचे मच्छरसाहेब केले. साहेबपणा म्हणावा तर त्या नोकरीत एक सायकल, एक टॉर्च आणि एक काचेची नळी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी पवनीच्या बाजारात कोणी मागून "साहेब" अशी हाक मारली की जागेश्वररावांची मान आपोआप वळते, आणि त्यांच्याआधी रुखमाबाईंची वळते.

काम साधं होतं. दिवे लागायच्या वेळेला गुरांच्या गोठ्यात जायचं. गोठ्याला इकडे कोठा म्हणतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि त्या रबरी नळीचं टोक तोंडात. भिंतीवर, दाव्यावर, म्हशीच्या पोटाखाली डास बसलेला दिसला की काच अलगद त्याच्यापाशी न्यायची आणि श्वास असा बेताचा ओढायचा की डास काचेत यावा, घशात येऊ नये. दोन्ही नळ्यांच्या मध्ये मच्छरदाणीच्या कापडाचा एक तुकडा असे. एकदा आसगावला तो निसटला आणि साहेबांनी सरकारी पुरावा गिळला. त्या दिवशीच्या कागदावर त्यांनी एक डास कमी दाखवला. तेवढे ते प्रामाणिक होते. नेहमीच होते असं मात्र नाही, आणि हीच या माणसाची गोष्ट आहे.

लग्न नवं होतं तेव्हा रुखमाबाईंना वाटे की नवऱ्याला रोज ठरावीक डास भरून द्यावे लागतात, कमी पडले तर वरचा साहेब बोलतो. एका बुधवारी जागेश्वरराव थकून घरी आले, तर रुखमाबाईंनी पदराआडून आगपेटी काढून पुढे ठेवली. दिवसभर घरात, अंगणात, विहिरीपाशी टाळ्या वाजवून वाजवून त्यांनी सतरा डास मारले होते आणि कापसावर ओळीनं मांडले होते.

"जिते लागते," जागेश्वरराव म्हणाले.

"मंग उद्यापासून हळू मारीन," रुखमाबाई म्हणाल्या.

ती आगपेटी अजून लाकडी पेटीत आहे. माणसं लग्नाचे फोटो जपून ठेवतात. सेलोकरांच्या घरात सतरा डास आहेत.

नोकरीतली खरी पंचाईत डासांची नव्हती, पाहुणचाराची होती. मच्छरसाहेब मंगळवारी येणार हे कळलं की गावोगावच्या बाया कोठा झाडून काढत, सारवत, आणि पेटत्या गोवऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून तासभर धूर करत. का, तर साहेबाला मच्छर चावू नये. डास धरायला आलेल्या माणसाला डास चावू नये म्हणून सगळं गाव झटत असे. मग साहेब डोळे पुसत पुसत त्या धुरात शिरत, टॉर्च मारत, म्हशी खोकत, आणि बाहेर चहा उकळत असे. बहुतेक गावांना जागेश्वररावांनी हळूहळू शिकवलं, नाहीतर न सांगता भलत्याच दिवशी जाऊन गाठलं. एका ठिकाणी मात्र त्यांचं काही चाललं नाही. ते ठिकाण म्हणजे तलावाखालची टोली, आणि तिथले चिंधूभाऊ काटेखाये.

कोंढ्यापासून दीड मैलावर, तलावाच्या बांधाखाली पस्तीसएक घरं. पुढे नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, पावसाळाभर पाण्यानं भरलेल्या, त्यात पांढरे बगळे. टोलीत चिंधूभाऊंनी बी भिजवलं की बाकीचे भिजवत. त्यांनी रोवणा, म्हणजे भाताची लावणी, काढला की टोली चिखलात उतरत असे. असा माणूस दर मंगळवारी स्वतः पाला तोडून आणी, स्वतः धूर करी आणि दारात उभा राहून म्हणे, "या जी साहेब. एकही मच्छर नाही ठेवला तुमच्यासाठी."

जागेश्वररावांनी एकदा भीत भीत सांगून पाहिलं होतं की आज धूर नका करू. चिंधूभाऊंचा चेहरा असा पडला की जणू पाहुण्यानं ताटावरून उठून जावं. "आमच्या कोठ्यात पाव्हन्याले मच्छर चावन, मंग आमी कायचे?" झालं. साहेब पुन्हा त्या विषयाला गेले नाहीत. नियम असा होता की कोठ्यात धूर केलेला असेल तर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायचं. पण 'धूर' असं लिहिणं त्यांना चिंधूभाऊंच्या विरुद्ध तक्रार लिहिल्यासारखं वाटे. तेव्हा आकड्याच्या जागी शून्य आणि शेऱ्याची जागा कोरी. मग चहा. चहाबरोबर तांदळाच्या पिठाचे वडे. आणि तिथं चिंधूभाऊंचा धाकटा पोरगा, इश्वर. आठ वर्षांचा, बोलघेवडा. साहेबांची नळी धरून तो विचारी की साहेबकाका, मच्छर काचेतून बाहेर पाहते तर त्याले आपण मोठे दिसतो का लहान?

बावीस वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात या इश्वरला ताप आला. दोन दिवस नुसता ताप. तिसऱ्या दिवशी उलट्या, डोकं असह्य दुखणं, मान ताठ, मग झटके, मग शुद्ध गेली. पहिले चार तास अंगाऱ्यात गेले. नंतर भंडारा, तिथून नागपूर. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सूज आहे. पाठीतलं पाणी तपासलं आणि नाव निघालं जपानी मेंदूज्वर. टोलीत काही दिवस यावर कुजबुज झाली की जपानचा ताप जपान सोडून आपल्याकडे काहून आला. पोरगा वीस दिवसांनी परत आला, पण तो बोलघेवडा इश्वर आला नाही. उजवा हात अर्धा उचलला जाई, आणि शब्द घशातून निघून ओठांपर्यंत यायला वेळ घेई.

त्या हंगामात धूरफवारणी आकड्यांप्रमाणे झाली होती. जिथं डास जास्त तिथं आधी. शून्यवाली टोली शेवटी होती. जागेश्वररावांनी तो कागद पाहिला, आपली सही पाहिली, आणि त्या दिवसानंतर टोलीचा मंगळवार दुसऱ्या कर्मचाऱ्याशी बदलून घेतला. बावीस वर्षांत ते चिंधूभाऊंच्या दारात गेले नाहीत. बाजारात भेट झाली की हात जोडत, पाऊस कसा आहे एवढं विचारत आणि घाईचं काम आठवल्यासारखं करत. चिंधूभाऊही अडवत नसत.

यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधी कोंढ्याच्या शाळेत मेंदूज्वराच्या लशीचं शिबिर लागलं. एक ते पंधरा वर्षांची पोरं, दंडात एक सुई, काम फत्ते. आरोग्य केंद्राची मेघा सिस्टर गावभर फिरली. कोंढ्याची पोरं येणार होती. टोलीची एकतीस पोरं येणार नव्हती. एकतर सुईनं ताप आला तर तान्हा पोळा हुकणार. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ, पैसे, पेन्सिली मिळवतात. वर्षाच्या कमाईचा तो एक दिवस. ही अडचण मेघानं सोडवलीही असती. पण चिंधूभाऊंनी सांगून टाकलं होतं की माझी नात गुड्डी येणार नाही. ते म्हणाले की मेंदूचं दुखणं मेंदूत, सुई दंडात, याचा त्याच्याशी काय संबंध. मग कोणीच येणार नव्हतं.

मेघा संध्याकाळी सेलोकरांच्या ओसरीवर येऊन बसली. थकलेली होती. म्हणाली, "काका, तुमी चला. तुमचं ऐकन ते."

जागेश्वररावांनी आपल्याला गुडघ्याचा त्रास असल्याचं सांगितलं. मग बीपीचं सांगितलं. मग ते सायकलच्या ट्यूबवर आले. मेघा गेल्यावर रुखमाबाई आतून म्हणाल्या की ट्यूब परवाच नवी टाकली आहे. रुखमाबाईंना तो कागद, ती सही, ते शून्य सगळं ठाऊक होतं. बावीस वर्षं एका घरात एवढं झाकून राहत नाही. त्यांनी लाकडी पेटी उघडली, आगपेटीच्या खालून जुनी काचेची नळी काढली, पदरानं पुसली आणि सायकलच्या पिशवीत टाकली. हे असं केलं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वरराव टोलीत गेले. शिबिर त्याच्या पुढच्या दिवशी होतं. चिंधूभाऊ बाजेवर बसून गुड्डीच्या नंदीला रंग देत होते. सत्तरी पार केलेला माणूस, पण नंदीच्या शिंगाला बेगड लावताना जीभ बाहेर आलेली. मोठा मुलगा कैलाश वरठीच्या कारखान्यात, खोली घेऊन तिकडेच राहतो, रविवारी येतो. त्याची सात वर्षांची गुड्डी आजोबांच्या राज्यात. पाणी आलं. पावसाचं बोलणं झालं. धान कसं आहे ते झालं. मग जागेश्वररावांनी घसा साफ केला आणि नोकरीत शेकडो वेळा दिलेलं भाषण सुरू केलं. मेंदूला सूज पुष्कळ कारणांनी येते. कधी गोवरानंतर, कधी पिसाळलेला कुत्रा चावल्यानं, कधी भिंतीच्या भेगेतल्या बारक्या वाळूमाशीनं. पण आपल्या धानपट्ट्यात, पावसाळ्याच्या शेवटी, लहान पोरांत आली तर पहिला संशय बांधीतल्या पाण्यात वाढणाऱ्या डासावर. त्या तापाचा विषाणू बगळ्यांत राहतो, डुकरांत वाढतो. त्यांना त्याचं फारसं काही होत नाही. डास तिथून तो घेतो आणि माणसाला देऊन मोकळा होतो. शंभर जणांना दिला तर नव्याण्णवांना कळतही नाही. एखाद्याच्या मेंदूपर्यंत जातो, आणि मग त्यावर औषध नाही.

चिंधूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. ब्रश डब्यात ठेवला.

"साहेब, माह्या कोठ्यात मच्छर किती होते?"

जागेश्वररावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमीच मोजत होते जी. दर मंगळवारी. शून्य. मी तुमच्या कागदावर पाहाचो, मले एवढं वाचता येते. मंग ज्या कोठ्यात एकही मच्छर नाही, तिथल्या पोराले मच्छरानं कसं केलं? नागपूरचा डॉक्टर म्हने मच्छर. मी म्हनलो, त्याले काय मालूम, आमच्या साहेबानं लिहून देल्लं आहे."

बावीस वर्षं ज्या शून्याला जागेश्वरराव घाबरत होते, ते चिंधूभाऊंनी छातीशी धरून ठेवलं होतं. भाषण तर संपलंच, पण जागेश्वरराव वळून सायकलकडे पाहू लागले. पिशवीतून नळीचं टोक बाहेर आलं होतं.

"ते शून्य खोटं होतं," जागेश्वरराव म्हणाले. "मच्छर होते. तुमी धूर करत होते म्हनून ते बाहेर जाऊन बसत होते. मी दारातच धुराचा वास घ्याचो अन् तरी शून्य लिहाचो. धूर होता हे लिहाची जागा होती कागदावर. मी कोरी सोडली. तुमाले वाईट वाटन म्हनून."

चिंधूभाऊंनी नंदीच्या शिंगावरचा सुटलेला बेगड अंगठ्यानं दाबून बसवला. ते रागावतील, ओरडतील, बाजेवरून उठायला सांगतील, असं सगळं जागेश्वररावांनी मनाशी बावीस वर्षं तयार करून ठेवलं होतं. चिंधूभाऊ फक्त एवढंच म्हणाले, "आज दिवे लागाले या. नळी घेऊन."

संध्याकाळी साहेब टोलीत शिरले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या नाकाला कळलं. शेणाचा वास, ओल्या वैरणीचा वास, धानाच्या चिखलाचा वास. धुराचा नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत चिंधू काटेखायेचा कोठा त्यांनी असा कधी हुंगला नव्हता. दारात चिंधूभाऊ उभे होते, पण "या जी साहेब" म्हणाले नाहीत. बाजूला झाले.

आत इश्वर होता. तिशीतला, दाढी वाढलेला, म्हशींचा सगळा कारभार पाहणारा इश्वर. त्यानं डाव्या हातानं टॉर्च घेतला. त्याला कोणी सांगावं लागलं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात, दाव्यापाशी, म्हशीच्या पोटाखाली, बरोबर त्या त्या जागी उजेड पडू लागला. जागेश्वररावांनी रबरी नळी ओठात धरली. गुडघे वाकेनात, पण श्वास मात्र जुन्या बेताचाच निघाला. टच्. एक डास काचेत.

"एक," इश्वर म्हणाला.

तो मोजू लागला. त्याचा आकडा घशातून निघून ओठांपर्यंत यायला वेळ लागे, तेवढा वेळ साहेब पुढचा डास समोर दिसत असूनही नळी तशीच धरून थांबत. डासही थांबत होते म्हणायचे. तेरा. चौदा. गुड्डी दारातल्या पोत्यावर बसून कानाशी टाळ्या वाजवत होती आणि वैतागून आजोबांना म्हणाली की बाबा, आज मच्छर काहून एवढे? सव्वीस. सत्तावीस. घड्याळात पंधरा मिनिटं झाली तेव्हा जागेश्वररावांनी तोंडातली नळी काढली. काचेत एवढी गर्दी होती की लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटावं.

"त्रे-चाळीस," इश्वर म्हणाला.

"पंधरा मिनिटांत त्रेचाळीस," जागेश्वरराव म्हणाले. "तासाचे पावणेदोनशेच्या आसपास. एका मानसानं धरलेले. तेव्हा पन असेच असतील, चिंधूभाऊ. मी लिहिले नाही."

चिंधूभाऊंनी काच हातात घेतली, टॉर्चच्या उजेडात डोळ्याजवळ नेली. आत डास एकमेकांवर चढत होते. चिंधूभाऊंचा आवाज अगदी हळू निघाला, गुड्डीला ऐकू जाऊ नये एवढा.

"तापाच्या आदल्या दिवशी मी त्याले मारलं होतं, साहेब. यानं म्हैस पऱ्ह्यात सोडली होती. मागं राहिलेल्या रोवण्यासाठी राखलेली सारी रोपं खाल्ली तिनं. मी डोक्यात थापड मारली. जोरानं. दुसऱ्या दिवशी ताप आला. नागपूरले डॉक्टर म्हने मेंदूले सूज, मी म्हनलो, माह्या हातानं आली. मच्छर शून्य होते ना. मंग अजून कशानं येईन?"

जागेश्वरराव म्हशीच्या गव्हाणीच्या काठावर बसले. बावीस वर्षं त्यांनी हे दार टाळलं होतं, ते शून्य खोटं होतं हे या माणसाला कळू नये म्हणून. आणि हा माणूस बावीस वर्षं स्वतःचा हात पाहत बसला होता, त्यांच्याच कोऱ्या रकान्यामुळे.

"थापडीनं ताप नाही येत," ते म्हणाले. "पाठीच्या पाण्यात विषाणू निघाला होता, थापड नाही निघाली. कोनत्या मच्छरानं चावलं, याच कोठ्यातल्या की बांधीवरच्या, हे डॉक्टरही नाही सांगू शकत, मी पन नाही. पन तुमच्या हातानं नाही झालं. एवढं माह्या सहीनं लिहून देतो."

"तुमची सही नका सांगू आता," चिंधूभाऊ म्हणाले.

मग ते हसले. पहिल्यांदा जरा फुसकं, मग बरंच. इश्वरला काय चाललंय ते पुरतं कळलं की नाही कोण जाणे, पण त्यानं आपला अर्धा उचलणारा उजवा हात बापाच्या पाठीवर ठेवला आणि सावकाश, एक एक शब्द ओठांवर आणत म्हणाला, "बा... म्हैस... मीच... सोडली होती."

"मालूम आहे," चिंधूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सकाळी पहिली आली ती गुड्डी, आजोबांच्या सायकलच्या दांडीवर बसून. तिच्यामागे टोलीतली पोरं एक एक करून आली, एकतीसच्या एकतीस. चिंधूभाऊंनी रात्रीच घरोघर जाऊन काय सांगितलं ते मेघाला कोणी बोललं नाही. एका बाईनं फक्त एवढं सांगितलं की चिंधूमामाच्या कोठ्यात पावणेदोनशे मच्छर निघाले म्हणते, आमच्या तर किती असतील. मेघानं जागेश्वररावांकडे पाहिलं. ते पायरीवर बसून पोरांना सांगत होते की सुई लागते तेव्हा डास चावल्याइतकंच लागतं. हे धादांत खोटं होतं, आणि ते त्यांनी एकतीस वेळा सांगितलं.

गुड्डीला संध्याकाळी थोडी कसर आली. पोळ्याच्या दिवसापर्यंत ती गेली. कर म्हणतात त्या पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी, उजाडायच्या आधी, टोलीतली पोरं पळसाच्या फांद्या घेऊन गावाबाहेर धावली. वर्षातल्या सगळ्या दुखण्यांना हाकलायची ही पद्धत जुनी आहे. खाज, खरूज, ताप, ढेकूण, मच्छर, सगळ्यांची नावं घेऊन, दुखणी वाहून नेणाऱ्या नारबोदीला आरोळी ठोकायची: घेऊन जा गे नारबोद! जागेश्वरराव आदल्या रात्रीच सायकल घेऊन येऊन राहिले होते. त्यांनी आपल्या नोकरीच्या काळात ही आरोळी कधी ठोकली नव्हती. खात्याच्या माणसानं मच्छर असे फुकट हाकलणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटे. आज ते पोरांच्या मागे मागे चालले आणि मोकळ्या गळ्यानं ओरडले. सगळी पोरं ओरडून थांबल्यावर, एक क्षण जाऊन, इश्वरची आरोळी आली. शिवेवर ती सगळ्यांत शेवटी पोचली, आणि बांधीवरचे बगळे तिच्यानं उडाले.

दुपारी रुखमाबाई वडे घेऊन आल्या. संध्याकाळी गुड्डीचा नंदी घरोघर फिरून आला. बोजाऱ्यात मिळालेल्या सात पेन्सिली तिनं कोठ्याच्या उंबऱ्यावर ओळीनं मांडल्या. दिवे लागायची वेळ झाली. चिंधूभाऊ सवयीनं उठले, गोवऱ्या घेतल्या, कडुनिंबाचा पाला घेतला आणि दारातच थबकले. त्यांनी जागेश्वररावांकडे पाहिलं. विचारताना त्यांना संकोच झाल्यासारखा दिसला.

"साहेब, धूर करू का?"

"करा बापा, चांगला करा," जागेश्वरराव म्हणाले. "आज मी मोजाले नाही आलो. जेवाले आलो आहे."